फ्रेमचा आरसा करायचाय? आधी ४०० नंबरचा कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सुदामा नगरात राहणाऱ्या एका तरुणाने जुनी मोठी स्पोर्ट्स बाइक घेतली आहे. टाकीखालून दोन्ही बाजूंनी जाणारी रुंद, रुपेरी फ्रेम. तिच्यावरचा थर जागोजागी उडालेला, गुडघे घासतात तिथे काळपट डाग. ही फ्रेम घरच्या घरी आरशासारखी करायची आहे. भाऊ म्हणतो कॉस्टिक लाव, तासाभरात सगळं निघेल. मित्र म्हणतो ग्राइंडरला बफ, म्हणजे पॉलिशची कापडी चकती, लाव आणि फिरव. सियागंज बाजारातून काय काय आणावं, आणि काम झाल्यावर वरून लॅकर (पारदर्शक रंग) मारावं का, असं विचारलंय.

भावाचं ऐकू नका आणि मित्राचंही ऐकू नका. बाकीचं सांगतो.

गाडीचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सुरुवात चुंबकापासून करा. हसू नका, हे सांगावं लागतं. ‘डेल्टाबॉक्स’ हे नाव ऐकून आर१५ ची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आहे असं छातीठोकपणे सांगणारे मला नेहमी भेटतात. यामाहाने ते नाव मोठ्या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला दिलं आणि आर१५ च्या पोलादी फ्रेमलाही, त्यातून हा घोळ झालाय. पल्सर एनएसची फ्रेमही दिसायला तशीच रुंद, पण पोलादीच. चुंबक चिकटला तर सामान परत ठेवून द्या. रंग काढलेलं पोलाद पहिल्याच पावसात गंजेल. नाही चिकटला तर पुढे वाचा. एक मात्र करा, चुंबक तीन-चार ठिकाणी लावून बघा, कारण काही गाड्यांत मुख्य फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि सीटखालचा सांगाडा पोलादी असतो.

मग वरचा थर कसला आहे ते ओळखायचं. पेंट किंवा पावडर कोटिंग असेल तर उडालेल्या जागी त्याची कड नखाला लागते. खरी फसगत अ‍ॅनोडायझिंगमध्ये होते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडच्या कडक थरात, कारण तो धातूसारखाच दिसतो. त्यासाठी मल्टिमीटर घ्या, कंटिन्युइटीवर ठेवा, आणि दोन्ही टोकं फ्रेमवर जवळजवळ हलकेच टेकवा. बीप वाजला तर धातू उघडा आहे. वाजला नाही तर मधे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर आहे. तो वीज नेत नाही. टोकं जोरात खुपसू नका, थर फोडून आत जातात आणि बीप वाजतो. हे कळणं महत्त्वाचं अशासाठी की अ‍ॅनोडायझिंगवर कितीही पॉलिश घासलं तरी काही होत नाही. तो थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो, पण पॉलिश पेपरवर जी खर असते तिच्या जातीचाच तो पदार्थ आहे. लोक आठवडाभर ट्यूबमधलं पॉलिश घासतात आणि मग पॉलिश बनावट निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आता सामान खोलायचं. चासी पूर्ण मोकळी केली तर काम उत्तम होतं, पण घरी इंजिन उतरवणं, चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) काढणं, कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) खोलणं सगळ्यांना जमत नाही, आणि जमत नसेल तर त्या वाटेला जाऊही नका. टाकी, सीट, फेअरिंग (बाजूचं प्लॅस्टिकचं आवरण) आणि फूटपेगचे ब्रॅकेट काढले की रुंद पट्ट्यांचा बाहेरचा भाग जवळजवळ पूर्ण हाताखाली येतो, आणि दिसणार आहे तोच भाग. वायरिंगवर, रेडिएटरवर आणि इंजिनच्या फटींवर जुनी चादर कोंबा, वरून मास्किंग टेप लावा. हँडलच्या मानेजवळ कोरलेला चासी नंबर असेल, त्यावर टेपचे तीन-चार थर द्या आणि त्याच्या आजूबाजूला बोटभर जागा सोडून द्या. तो नंबर पुसट झाला तर आरटीओत आणि विम्याच्या वेळी तुम्ही कितीही खरं बोललात तरी कोणी ऐकणार नाही. तिथला जुना थर तसाच राहिला तरी चालेल.

कागदाला हात लावण्याआधी एक काम आहे, ते बहुतेक लोक उलट्या क्रमाने करतात. जुन्या मोठ्या गाडीचा मागचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो. ती पडलेली असेल, समोरून आदळलेली असेल. मानेजवळची वेल्डिंग आणि चिमट्याचा पिव्हट जिथे बसतो तो भाग घासलेटने स्वच्छ पुसा, कोरडा करा आणि दहा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात बघा. पुसलेल्या जागी केसासारखी काळी रेघ पुन्हा उमटत असेल, तर आतून तेल बाहेर झिरपतंय, म्हणजे तडा आहे. शंका राहिली तर डाय पेनेट्रंटचे स्प्रे मिळतात, तीन डब्यांचा संच: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल मारा, थांबा, पुसा, पांढरा मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ वर येते. ही तपासणी घासण्याआधीच करायची. अ‍ॅल्युमिनियम मऊ आहे. घासलं आणि बफ मारला की वरचा धातू पसरून तड्याचं तोंड बुजतं, आणि मग लाल रंग आत शिरतच नाही. तडा दिसला तर चमकवायचं विसरा. तो वेल्डिंग करून घ्यायचाही मोह धरू नका, कारण अशा फ्रेमच्या मिश्रधातूला कारखान्यात तापवून ताकद दिलेली असते आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरला त्याचं काही देणंघेणं नसतं.

कॉस्टिकबद्दल. भाऊ म्हणतो ते खोटं नाही. कॉस्टिक सोडा अ‍ॅनोडायझिंग खरंच खातो. पण थर संपला हे त्याला कळत नाही, तो पुढे धातू खायला लागतो, वर हायड्रोजन सोडतो आणि मागे काळी पूड ठेवतो. ती पूड काढायला कारखान्यात नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. घरात हे दोन्ही नको. त्यातून तुमची फ्रेम आतून पोकळ आहे. माझ्याकडे एक फ्रेम आली होती, कोणीतरी कॉस्टिकने धुतलेली; बाहेरून बरी दिसत होती, पण ड्रेनच्या भोकातून टोकरलं की पांढरा भुगा पडायचा. आत गेलेलं पाणी नीट निघालंच नव्हतं. पेंट असेल तर साधा पेंट रिमूव्हर लावा. एप्रिल-मेच्या उन्हात तो लावता लावता सुकतो, म्हणून सावलीत लावून वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, रबर आणि वायर लांब ठेवा. पावडर कोटिंगला दोन-तीनदा लावावं लागेल. अ‍ॅनोडायझिंग असेल तर रसायन नको, ते कागदानेच काढायचं. ब्लोटॉर्चने रंग जाळायचा नाही. आणि सँडब्लास्टिंगवाल्याकडे तर नेऊच नका. त्याच्याकडची वाळू आधी गंजलेल्या गेट-ग्रिलवर फिरलेली असते, लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि काही महिन्यांनी त्याच जागी ठिपके उठतात. तेवढ्याचसाठी लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूलही या कामात नको.

आता मुख्य काम. तुम्ही बफ आणि पॉलिशबद्दल चार प्रश्न विचारलेत आणि कागदाबद्दल एकही नाही, म्हणून हे जरा लांबवून सांगतो. चकाकी कागदाने येते. बफ फक्त ती उघड करतो, आणि कागदाने ठेवलेले ओरखडेही तितक्याच इमानाने उघड करतो. सगळं झाल्यावर उन्हात गाडी काढली आणि चकाकीच्या आत रेघोट्यांचं जाळं दिसलं, तर तो दोष पॉलिशचा नसतो. ४०० नंबर अर्धवट सोडलेला असतो.

कागद काळा, वॉटरप्रूफ, सिलिकॉन कार्बाइडचा घ्या. ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि हौस असेल तर २०००; नंबर मोठा तितका कागद बारीक. खोल चरा असेल तिथेच २४०, तोही तेवढ्यापुरता. बादलीत पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे काही थेंब. अ‍ॅल्युमिनियम कागदात भरून बसतं आणि साबणाच्या पाण्याने ते सुटत राहतं. जुने कारागीर घासलेट वापरतात आणि ते चांगलंच काम करतं, पण हल्ली घासलेट मिळवणं हेच एक काम झालंय. कागद नुसत्या बोटांनी धरू नका, बोटांच्या मधे दाब पडत नाही आणि फ्रेमवर लाटा येतात. जुन्या रबरी स्लिपरचा तळवा कापून तुकडा करा, त्याला कागद गुंडाळा. बाजारात यासाठी रबरी ठोकळे मिळतात, पण स्लिपर जास्त चांगली, कारण फ्रेमच्या गोलाईवर ती थोडी वळते.

३२० ने एकाच दिशेने घासा, समजा पुढून मागे. गोल गोल घासायचं नाही. सगळा भाग एकसारखा राखाडी झाला, जुन्या थराचा एकही चमकता ठिपका राहिला नाही, की धुऊन कोरडं करा. आता एक काळा मार्कर घ्या आणि त्या सगळ्या भागावर नागमोडी रेघा मारा. मग ४०० घेऊन आडवं घासायला लागा, म्हणजे वरून खाली. मार्करची शाई जिथे राहिली तिथे खळगा आहे, तिथे कागद पोहोचलाच नाही. शाई सगळी गेली की बॅटरी फ्रेमला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. पुढून मागे जाणारी एक जरी रेघ दिसली तरी ती ३२० ची आहे, आणि ती ६०० ने जाणार नाही. पुन्हा ४००. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे, कारण चकाकीचं नावही नसतं आणि हात भरून येतात. ४०० खरा पूर्ण झाला की पुढचे कागद पटापट जातात. ६०० ला ४०० च्या निम्मा वेळही लागत नाही. नंबर बदलताना बादलीतलं पाणी बदला, रबराचा तुकडा धुवा. ३२० चा एक कण १००० च्या पाण्यात राहिला तर त्याने ओढलेली रेघ तुम्हाला पुन्हा मागे नेते.

फ्रेम एकाच धातूची दिसली तरी ती एकसारखी बनलेली नसते. मधल्या रुंद पट्ट्या दाबलेल्या पत्र्याच्या किंवा एक्स्ट्रूजनच्या (साच्यातून ढकलून काढलेल्या) असतात. त्या आरशासारख्या होतात. मान आणि पिव्हटचा भाग बहुधा ओतीव असतो, त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. ती घासून संपत नाहीत. एक थर गेला की खालची उघडी पडतात, आणि त्यांच्या मागे लागून लोक नको तिथला धातू उतरवतात. माझं मत विचाराल तर ओतीव भागावर ६०० पर्यंत जा आणि मग स्वयंपाकघरातल्या नव्या हिरव्या घासणीने एकाच दिशेने ओढून रेशमी फिनिश द्या. मधली पट्टी आरसा आणि दोन्ही टोकं रेशमी, हे पूर्ण चकाकणाऱ्या फ्रेमपेक्षा मला जास्त देखणं वाटतं. वेल्डिंगची उंच रेघ मात्र घासून सपाट करायची नाही, तो शोभेचा भाग नाही. स्टेनलेसच्या नव्या, हातातल्या ब्रशने साफ करा आणि सोडून द्या.

भुग्याबद्दल एकच पण गंभीर गोष्ट. अ‍ॅल्युमिनियमची कोरडी बारीक धूळ पेट घेते. ओलं घासलं तर ती उडत नाही, आणखी एक कारण पाणी वापरायचं. जिथे अ‍ॅल्युमिनियमचा भुगा पडलाय तिथे ग्राइंडरने लोखंड कापायचं नाही. ओला गाळही झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून ठेवू नका, त्यातून हायड्रोजन सुटतो.

मित्राचा ग्राइंडर आता आला. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्या मारतो, म्हणजे बफची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर धावते. त्यावर साधा कापडी बफ लावला तर धागे तोंडावर येतात, फ्रेमच्या कडा करपतात, आणि एकदा का बफ ब्रॅकेटच्या कोपऱ्यात अडकला की ग्राइंडर हातात राहत नाही. २,८०० फेऱ्यांच्या ड्रिलवर तीन इंची बफ लावला की वेग सेकंदाला ११ मीटर होतो. वेळ लागेल, पण सगळं तुमच्या ताब्यात राहील. कोपऱ्यांसाठी छोटे फेल्टचे बफ घ्या. बफ नेहमी कडेवरून बाहेर पडेल असा धरायचा. समोरून कडेवर चढवला तर तो चावतो. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा नको, हातातलं कडं काढा, चष्मा घाला, एन-९५ मास्क लावा.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात विचारताना नुसतं ‘पॉलिश द्या’ म्हणू नका. शिवणीचा घट्ट कापडी बफ आणि सैल कापडी बफ असे दोन वेगळे मागा, आणि कंपाउंडच्या, म्हणजे बफला लावायच्या पॉलिशच्या, वड्या दोन: तपकिरी (तिला ट्रिपोली म्हणतात) आणि पांढरी. हिरवी वडी दुकानदार पुढे करेल. ती स्टेनलेसच्या भांड्यांसाठी जास्त खपते, तुम्हाला तिची गरज नाही. घट्ट बफवर तपकिरी, सैल बफवर पांढरी, आणि ते बफ आयुष्यभर तसेच वेगळे ठेवायचे. वडी फिरत्या बफला क्षणभर टेकवली की पुरे. फ्रेमवर काळे ओशट पट्टे उमटायला लागले की समजा, कंपाउंड जास्त झालंय किंवा तुम्ही दाबताय. बफ फिरत असताना जुन्या हॅक्सॉ ब्लेडची दातेरी बाजू त्याला लावून साफ करा आणि हलक्या हाताने पुन्हा सुरू करा. मधेमधे तळहात लावून बघा. हात टेकवत नसेल इतकं तापलं तर थांबा. शेवटी राहिलेला काळा ओशट थर फडक्याने पुसायला गेलात तर पसरतच जातो. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा आणि मऊ बनियनच्या फडक्याने पुसा. पीठ तेल शोषून घेतं आणि खालचा आरसा निघतो.

फ्रेमवर हात बसवण्याआधी भंगारातून एखादं जुनं क्लच कव्हर आणा आणि ३२० पासून पांढऱ्या वडीपर्यंत सगळं त्याच्यावर करून बघा. ते बिघडलं तर बिघडलं. नोकरी सांभाळून फ्रेमच्या एका बाजूला दोन-तीन रविवार जातील असं धरून चाला.

लॅकर मारू नका. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर त्याला पकड मिळत नाही, आणि खड्याने किंवा पान्याने एक टवका उडाला की तिथून ओल आत शिरते. मग लॅकरच्या खाली अळी चालल्यासारख्या नागमोडी रेघा पसरतात. त्या काढायला सगळं लॅकर काढून पुन्हा कागदावर यावं लागतं. उघडा धातू आणि त्यावर कारचं चांगलं वॅक्स, हेच बरं. महिन्यातून एकदा लावा, पावसाळ्यात दोनदा. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथे फ्रेमला बसते तिथे मात्र वॅक्स नको. आणि पोलादी बोल्ट परत लावताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर दोन धातू एकमेकांना खातात.

आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे मुंबईपेक्षा इथे चकाकी जास्त टिकते. पण माळव्यात दुसरे शत्रू आहेत. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान अ‍ॅल्युमिनियम सुखात असतं, त्याच्या पलीकडे गेलं की ते खाल्लं जायला लागतं. काळ्या मातीचा चिखल अल्कधर्मी असतो. शेतावरून आलात तर तो फ्रेमवर वाळू देऊ नका. घराशेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटचे शिंतोडे त्याहून वाईट, ते त्याच दिवशी धुवा. सर्व्हिसिंगवाल्याकडचा फेस, धुण्याचा सोडा, अ‍ॅलॉय व्हीलचं अ‍ॅसिड क्लीनर, यातलं काहीही चालणार नाही. कारचा साधा शाम्पू पुरे. बोअरच्या पाण्याने धुतलं तर वाळताना पांढरे ठिपके राहतात, म्हणून नर्मदेच्या नळाचं पाणी घ्या आणि लगेच पुसा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे जाणार असाल तर ही गाडी घरी झाकून ठेवा आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर जा.

वर्षभराने चमक मंदावली तर घाबरून ४०० हातात घेऊ नका. आधी सैल बफ आणि पांढरी वडी, नाहीतर ट्यूबमधलं ऑटोसोलसारखं पॉलिश हाताने. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. पांढरे खळगे पडले असतील तर फक्त तेवढ्या जागी १००० ने घासा, मग १५००, आणि मग बफ.